प्राणिजात म्हणजे कोण कोण

आमच्या आबांना स्वतःच्या हुद्द्याचं नाव शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही. सरकारी कागदावर ते 'व्रणोपचारक' होते. म्हणजे गुरांच्या दवाखान्यात जखमा धुणारा, टाके घालणारा, पट्ट्या बांधणारा माणूस. आबा म्हणायचे 'वरणउपचारक', आणि मायला तेवढं पुरे व्हायचं. ती म्हणायची, वरणाचा उपचार मी पाहते, तुम्ही भाकरी कशाशी खायची तेवढं सांगा. गावातले लोक मात्र त्यांना सरळ डाक्टर म्हणत. खरे डॉक्टरसाहेब आठवड्यातून दोनदा निलंग्याहून येत, कधी येतही नसत. तेव्हा गायीच्या अडलेल्या वासरापासून बैलाच्या मोडलेल्या शिंगापर्यंत सगळं आबांच्याच अंगावर पडे.

आम्ही मूळचे किनवटकडचे. आबांचा जन्म जंगलाच्या काठावरचा, त्यामुळे बदली होऊन या बाजूला आल्यावर पहिली दोन वर्षं त्यांचा जीव रमला नाही. निलंग्यापासून कर्नाटकाच्या शिवेकडे जाताना जो उघडा माळ लागतो, त्याच्या एका टोकाला आमचा दवाखाना होता आणि दवाखान्यामागे दोन खोल्यांचं घर. आबा संध्याकाळी दारात उभे राहून माळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "हितं काय हाय? ढोरं अन् दगडं." मला मात्र ते घर आवडायचं. पहाटे गुरं अडकवायच्या खोड्याच्या लाकडावर बैल अंग घासायचा त्याचा आवाज, फिनेलचा वास, स्टोव्हची घरघर, आणि त्यावर मायच्या सुशीलेला पडणारी फोडणी. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा आमच्या लातूरकडचा नाश्ता. किनवटहून आलेल्या मायनं तो शेजारणीकडून शिकून घेतला होता आणि आता शेजारणीच तिच्याकडे खायला येत. कोरडे दिवस होते ते. सलग दोन पावसाळे वाऱ्यावर गेले होते. भाज्या दिसेनाशा झाल्या होत्या. वाळवलेली अंबाडी, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी यांवर आमचं घर चालायचं, आणि आज सांगते, त्यापेक्षा चांगलं जेवण मी नंतर फार थोड्या वेळा जेवले.

उस्मानाबादेतून तोडून लातूरचा नवा जिल्हा झाला होता. नव्या संसारात जशी भांडीकुंडी मोजतात, तसं नव्या जिल्ह्यालाही आपल्याकडे काय काय आहे ते लिहून ठेवायचं होतं. देवळं किती, ओढे किती, बाजार कुठल्या वारी भरतो. माहितीपुस्तिका निघणार होती. त्यातला एक कागद डॉक्टरसाहेबांकडे आला, साहेबांनी तो न वाचताच आबांकडे सरकवला, आणि आबांनी माझ्याकडे आणला. माझी दहावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता, आणि माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं होतं. कागदावर एकच ओळ होती. तालुक्यातील प्राणिजात, सविस्तर माहिती पाठवावी.

मी मोठ्यानं वाचलं. आबा हात धूत होते ते तसेच थांबले.

"जात?" ते म्हणाले. "ढोराची बी जात इचारून राहिले का आता?"

त्यांच्या या प्रश्नामागे बरंच काही होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. आबा लहान असताना, छप्पन्नच्या धर्मांतरानंतर, माझे आजोबा त्यांना हाताला धरून शाळेत घेऊन गेले आणि मास्तरांना म्हणाले, याच्या नावापुढं बौद्ध लिहा. मास्तरांनी लिहिलं. मग टाक शाईत बुडवून विचारलं, ते ठीक, पण जात? ही गोष्ट आबा आम्हाला हसून सांगत, पण प्रत्येक वेळी सांगताना 'पण जात' या दोन शब्दांवर त्यांचा आवाज बारीक होई. फॉर्म कुठलाही असो, तो रकाना आला की ते पेन माझ्या हातात देत.

तरी ढोरांच्या जातीचा प्रश्न त्यांच्या हातचा होता. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. देवणी गाय-बैल, त्यातले अंगावर ठिपके असलेले वेगळे, पांढरे वेगळे. लाल कंधारी, ही आमच्या नांदेडकडची, तिचं नाव सांगताना आबांची मान ताठ झाली. उस्मानाबादी शेळी. म्हशी. खाली मी रेघ मारली, आबांनी सही केली, कागद गेला. पंधरा दिवसांत तो परत आला. वर लाल शाईत लिहिलं होतं की पाळीव जनावरांची यादी नको, 'प्राणिजात' या शब्दाचा अर्थ समजून घेऊन माहिती फेरसादर करावी.

आबांना राग आला नाही. त्यांना लाज वाटली, आणि ते माझ्याच्यानं बघवेना. दवाखान्यात कुणालाही तो शब्द ठाऊक नव्हता. डॉक्टरसाहेब म्हणाले, काहीतरी लिहून द्या. आबा काहीतरी लिहून देणाऱ्यांतले नव्हते. शेवटी मायच म्हणाली की निलंग्याला ते म्हातारे गुरुजी आहेत, पुस्तकांत डोकं घालून बसलेले असतात, त्यांना विचारून या.

त्या गुरुजींना सगळे स्वामी गुरुजी म्हणत. लिंगायत घरातले, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि बोलायला लागले की अर्धं उर्दू, कारण त्यांची सगळी शाळा निजामाच्या राजवटीत उर्दूत झालेली. आम्ही यष्टीनं गेलो. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गुरुजींनी आम्हाला ओसरीवर नव्हे, आत बसवलं, गुळाचा खडा आणि मोजकं पाणी दिलं, आणि कागद वाचून हसले. ते म्हणाले की त्यांच्या लहानपणी प्राण्यांची तीनच खाती होती. चरिंदे, परिंदे, दरिंदे. चरणारे, उडणारे आणि फाडून खाणारे. मी विचारलं, मग साप? गुरुजी म्हणाले, साप तेव्हाही कशातच बसत नव्हता, परीक्षेत आम्ही तो सोडून देत असू.

मग त्यांनी कपाटातून फडक्यात बांधलेला एक जाडजूड कोश काढला. पान उलटायला त्यांना बराच वेळ लागला. आबा सतरंजीच्या कडेला अंग चोरून बसले होते.

"हे बघा," गुरुजी म्हणाले. "तुम्ही म्हणता ती 'ती जात'. इथं आहे 'ते जात'. ते प्राणिजात. नपुंसकलिंगी शब्द आहे. जात म्हणजे जन्मलेलं. नवजात म्हणतो ना आपण बाळाला, तेच. एखाद्या मुलखात जे जे जन्मतं आणि राहतं, पाखरापासून किड्यामुंगीपर्यंत, ते सगळं मिळून त्या मुलखाचं प्राणिजात."

आबांनी विचारलं, "मंजी पयला अर्थ ह्योच का, गुरुजी? जन्मलं, झालं?"

"पहिला हाच. बाकीचे नंतर चिकटले."

परतीच्या यष्टीत खिडकीशी बसून आबा बाहेर बघत राहिले. वाटेत एका फाट्यावर गाडी थांबली, कुणीतरी शेळ्या चढवत होतं, कंडक्टर नको म्हणत होता, मोठा गलका चालला होता. त्या गलक्यात आबा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. ते एवढंच म्हणाले, "यशू, लई साधा शबुद हाय की गं." आणि मग गाव येईपर्यंत ते मला किनवटच्या जंगलातले प्राणी सांगत राहिले, जसं काही कुणी त्यांना मोकळं सोडलं होतं.

पुढे मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. 'फॉना' हा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायची आणि शेजारी प्राणिजात. मुलांना सांगायची, एका प्रदेशाचे, एका काळाचे सगळे प्राणी, एकही वगळायचा नाही. दर वर्षी एखादं पोर हात वर करून जातीबद्दल विचारायचंच. मी त्याला 'ती' आणि 'ते' समजावून सांगायची आणि मनातल्या मनात त्या यष्टीत जाऊन बसायची.

निलंग्याहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमची मोजणी सुरू झाली. आबांना ज्या गावात गुरांना टोचायला जायचं असेल, तिथं मी सायकलवर मागे बसून जायची. पुढे औषधांची पत्र्याची पेटी, मागे मी आणि वही. काम झालं की आबा कुणाच्यातरी सपरात बसत आणि विचारत, तुमच्याकडं काय काय दिसतं? पहिल्याच गावात फजिती झाली. मी एका म्हातारीला विचारलं, इकडे जनावरं कुठली आहेत? तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या लेखी जनावर म्हणजे साप, आणि दिवेलागणीला त्याचं नाव काढायचं नसतं. त्याच गावात तिच्या सुनेला जनावर म्हणजे बैल, आणि पोलीस पाटलाला जनावर म्हणजे त्याचा भाऊ. पाळलेल्या गुरांना कुणी जित्राब म्हणे. म्हणजे सरकारच्या त्या अवघड शब्दाखेरीज सगळ्यांना एकत्र बसवणारा शब्द कुणापाशीच नव्हता.

शिवेवरच्या खडकवाडीत काशव्वा भेटली. मेंढरं राखणारी, पन्नाशीची, काळीसावळी, कानात जड बुगड्या. घरात कानडी बोलायची, बाहेर मराठी. आबांनी तिला विचारलं, बाई, या माळावर साप हायत का? ती म्हणाली, "हावु." आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात, त्यामुळे आबांना वाटलं हो म्हणते. त्यांनी विचारलं, किती प्रकारचे? ती पुन्हा म्हणाली, "हावु, हावु." आबा म्हणाले, हाव ते कळलं, पण कोणते? असं बराच वेळ चाललं. मग काशव्वालाच उमगलं आणि ती डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून हसायला लागली. कानडीत हावु म्हणजेच साप. आबांनी मला तो शब्दही यादीत लिहायला लावला. म्हणाले, तिचा साप तिच्या नावानं राहू दे.

काशव्वानं आम्हाला तो माळ दाखवला. जिथं आबांना ढोरं आणि दगडं दिसत होती, तिथं तिनं सायाळीचा गळलेला काटा उचलून दिला, खोकडाचं बीळ दाखवलं, दगडासारखीच दिसणारी पखुर्डी नावाची पाखरं आपला पाय जवळ पडेपर्यंत कशी हलत नाहीत ते दाखवलं. तडसाची विष्ठा चुन्यासारखी पांढरी का असते ते सांगितलं. टिटवीची अंडी मी पायाखालीच घेणार होते, तिनं दंड धरून मागं ओढलं. आणि एका सकाळी तिनं आम्हाला काळविटांचा कळप दाखवला. पुढे काळा नर, मागे बदामी माद्या, एकदम सगळे उसळून हवेत गेले. आबा खाली मातीत बसले. "अन् मी म्हनत होतो हितं काही न्हाई," ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी मायला तो कळप हातवारे करून, स्वयंपाकघरात उड्या मारून दाखवला. मायनं भाकरी थापता थापता बजावलं की तवा पाडलात तर उपाशी झोपाल.

यादी एकशे बारा नावांची झाली. मी ती दोनदा लिहिली, कार्बन लावून. ती गेली, आणि मग खरा उन्हाळा सुरू झाला.

खडकवाडीच्या पाझर तलावात चिखलही उरला नव्हता. त्या कोरड्या तळात गुरांची छावणी लागली. आबांची नेमणूक तिथंच झाली. छावणीचा कारभार मन्मथप्पा नावाच्या व्यापाऱ्याकडे होता. पांढरंशुभ्र धोतर, बोलणं कमी, काटेकोर माणूस. प्रत्येक गुराच्या कानात बिल्ला, बिल्ल्याप्रमाणे चारा आणि टँकरच्या हौदातलं पाणी. पहाटे हरणं त्या पाण्याच्या वासानं कुंपणापर्यंत यायला लागली. छावणीतली कुत्री त्यांच्या मागे लागत. एका सकाळी काशव्वा आणि तिचा दीर घोंगडीत एक मादी घालून घेऊन आले. काटेरी तारेत तिची मांडी फाटली होती. आबांनी तिच्या डोळ्यांवर माझी ओढणी टाकली, मला एका हातानं मान धरायला सांगितलं आणि टाके घातले. तिचं काळीज माझ्या मनगटाखाली इतकं जोरात धडधडत होतं की माझाच हात उडत होता. संध्याकाळी तिला सोडली. ती लंगडत गेली, पण गेली.

त्या आठवड्यात माळावर तीन हरणं मरून पडलेली सापडली. अंगावर जखम नाही. नुसती तहान. आबा मन्मथप्पांकडे गेले आणि म्हणाले, रोज चार घागरी पाणी कुंपणाबाहेर ठेवू द्या. मन्मथप्पांनी परवानगीचा कागद दाखवला. त्यात लिहिलं होतं, छावणीत दाखल जनावरांसाठी. ते म्हणाले, "डाक्टर, मला बी दिसतंय. पण बिल्ला न्हाई त्याला पाणी दिलं अन् कुणी तक्रार केली तर छावणी बंद होती. मग ही सातशे तोंडं कुठं नेऊ?" त्यांचंही खोटं नव्हतं. आबा परत आले आणि जेवले नाहीत.

चार दिवसांनी नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून एक साहेब तपासणीला आले. तरुण होते, चष्मा धुळीनं माखलेला. गुरं पाहिली, बिल्ले पाहिले, आणि एकदम विचारलं की या भागातून प्राणिजाताची यादी आली होती ती कुणी केली. आबा पुढे झाले नाहीत. त्यांना वाटलं पुन्हा काही चुकलं. काशव्वानं मला मागून ढकललं. साहेब म्हणाले, त्यात एक हावु नावाचा प्राणी आहे, तो मला कोणत्याच पुस्तकात सापडला नाही. मी सांगितलं. सगळे हसले, साहेबही हसले. आणि त्या हसण्याच्या आधारानं माझ्या तोंडून ते निघून गेलं.

"साहेब, यादीतले निम्मे या उन्हाळ्यात मरतील. मग ती यादी खोटी ठरंल. तुमच्या पुस्तकात तशीच छापणार का?"

आबांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी विचारलं, म्हणजे काय म्हणायचंय? मी हरणांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, कागदावरच्या 'जनावर' या शब्दाचं सांगितलं. आता थांबता येईना. साहेब म्हणाले की हरणांच्या पाण्यासाठी सरकारात कुठलंच खातं नाही, तसा हुकूम ते देऊ शकत नाहीत. मग ते हौदाभोवती एक चक्कर मारून आले, बुटाला लागलेल्या चिखलाकडे बघितलं आणि आबांना विचारलं, "इथं चिखल होतो. अशानं गुरांचे खूर कुजत असतील, नाही?"

छावणीत एकाही गुराचा खूर कुजलेला नव्हता. आबा आयुष्यात खोटं बोलले नव्हते, मायच्या स्वयंपाकाबद्दलसुद्धा.

"हाव साहेब," ते म्हणाले. "कुजतेत. लई कुजतेत."

साहेबांनी वहीत शेरा लिहिला. हौदाचे सांडपाणी चर खणून कुंपणाबाहेर खड्ड्यात काढावे, व तो खड्डा कोरडा पडू देऊ नये. शेवटचे शब्द त्यांनी दोनदा वाचून दाखवले. मन्मथप्पांनी शेऱ्याच्या नकलेचा कागद हातात घेतला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि सकाळी मी पोचले तेव्हा तेच धोतर गुडघ्यापर्यंत खोचून फावडं मारत होते. काशव्वानं वाडीतल्या बायका आणल्या होत्या. दुपारपर्यंत खड्डा तयार झाला, चुना-मातीनं लिंपून. कुत्री पलीकडच्या टोकाला बांधली गेली.

पहिले दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही कडब्याच्या गंजीमागे पालथे पडलो होतो. आबा, मी, काशव्वा, मन्मथप्पा, वाडीतली वीसेक माणसं. मायसुद्धा आली होती, फडक्यात धपाटे बांधून, म्हणत होती की हे लोक हरणांसाठी उपाशी मरतील. आधी टिटव्या आल्या. मग होले, मग पखुर्ड्यांचा एक थवा, पोटाची पिसं भिजवून घेऊन उडाला. एक खोकड आलं, आमच्या दिशेनं बघितलं, आणि आम्ही कुणीच नसल्यासारखं पाणी प्यालं. मग माळाच्या कडेला शिंगं दिसली. नर बराच वेळ उभा राहिला. त्याच्या मागून माद्या, आणि त्यांत एक लंगडणारी. तिच्या मांडीवर आबांच्या टाक्यांची रेघ होती. ती वाकली आणि पिऊ लागली. तिच्या घशातून पाणी खाली उतरताना दिसत होतं. इतकी माणसं होती, पण कुणी खोकलंही नाही. मायनं माझा हात धरला होता, तो तिनं इतका आवळला की दिवसभर बोटं दुखत होती.

जूनच्या शेवटी पाऊस आला आणि छावणी उठली. मला पहिला वर्ग मिळाला होता. मी लातूरला शास्त्र शाखेत गेले, ते हे सगळं पाहिल्यामुळेच.

माहितीपुस्तिका निघाली ती दोन वर्षांनी. आबा निलंग्याला जाऊन ती स्वतः घेऊन आले आणि मी सुट्टीत घरी येईपर्यंत त्यांनी उघडली नाही. मायनं सुशीला केली. मी पानं उलटली. देवळं होती, ओढे होते, बाजारांचे वार होते. आमच्या तालुक्याच्या पानावर, अगदी तळाशी, एकच ओळ होती. तालुक्यात विविध प्राणिजात आढळते.

बस्स. एकशे बारा नावांतलं एकही नाही. मला इतका संताप आला की पुस्तिका मी भिंतीवर फेकणार होते. आबांनी ती माझ्या हातून काढून घेतली, खिडकीशी नेली, बोट ठेवून ती ओळ हळूहळू वाचली. मग विचारलं, "विविध मंजी?"

"नाना तऱ्हेचे," मी म्हणाले.

आबांचा चेहरा उजळला. "मंग समदेच आले की त्यात," ते म्हणाले, आणि मायला हाक मारून ती ओळ तिला पुन्हा वाचून दाखवायला बसले.